रिकामा पूल

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरात एक जुने भांडण नव्याने सुरू होते. स्थळ ठरलेले : निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरातला माळा. पात्रेही ठरलेली : वर स्टुलावर उभी असलेली आमची सौ., खाली स्टूल धरून उभा असलेला मी, आणि भंगाराचे पोते घेऊन कंटाळलेले आमचे चिरंजीव. संवाद तर तिघांनाही पाठ आहेत.

"ही किल्ली घ्या. भंगारात."

"थांब. ही कशाची आहे, ते आधी पाहू."

"कशाचीही नाही. पाच वर्षं झाली, मी हिला हात लावलेला नाही."

"म्हणूनच म्हणतो, थांब."

यावर ती स्टुलावरून ज्या नजरेने माझ्याकडे पाहते, ती नजर वर्णन करण्याच्या भरीला मी पडत नाही. विवाहित वाचकांना ती ठाऊक आहे. यंदा मात्र दैव माझ्या बाजूने होते. चिरंजीवांनी पितळेची एक गोल चकती बोटांत फिरवून पाहिली, तिच्या मधल्या चांदणीच्या आकाराच्या भोकातून आईकडे पाहिले, आणि "हे कशाचं तरी मोडकं झाकण दिसतंय," असे म्हणून ती पोत्यात टाकली.

"अरे अरे! चकलीची चकती आहे ती सोऱ्याची!" सौ. जवळजवळ स्टुलावरून उतरलीच. "वर्षातून एकदा लागते म्हणून काय भंगार झाली?"

मी काही बोललो नाही. फक्त स्टूल जरा अधिक घट्ट धरले.

माझी ही 'थांब' म्हणायची सवय जन्मजात नव्हे. ती मला चाकणला लागली, २०११ साली. आणि तिची किंमत मी मोजली नाही, दुसऱ्यांनी मोजली. ती हकीकत मी घरीसुद्धा कधी पुरती सांगितलेली नाही. आज सांगतो.

मी चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नेटवर्क सांभाळतो. आमचा हा पट्टा वाढला तो माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांदेखत. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, भोसरी-चिंचवडच्या माळरानावर शेडमागून शेड उठली. आणि २००९ साली फोक्सवॅगनने चाकणला गाड्या बांधायला सुरुवात केली तोवर कांद्याच्या बाजारपेठेचे हे गाव मोटारींचे गाव होऊन गेले होते. मोटार बांधणारे कारखाने सुट्या भागांचे डोंगर साठवून ठेवत नाहीत. भाग ज्या तासाला हवा, त्या तासाला दाराशी यावा लागतो. म्हणून आमच्यासारख्यांच्या कारखान्यात लेथ बंद पडला तर चालते, पण कॉम्प्युटर बंद पडून चालत नाही.

तो पडू नये म्हणून जी यंत्रे असतात, त्यांतले एक म्हणजे लोड बॅलन्सर. नाव ऐकून घाबरू नका. गर्दीच्या दवाखान्यात दाराशी एक माणूस बसलेला असतो. तो रोग्याला तपासत नाही. "तुम्ही दोन नंबरच्या खोलीत जा, तुम्ही चारच्या," एवढेच सांगतो. कोणता डॉक्टर जागेवर आहे, कोणता चहाला गेला आहे, हे तो दर थोड्या वेळाने डोकावून पाहतो, आणि रिकाम्या खुर्चीसमोर कुणाला बसवत नाही. लोड बॅलन्सर हेच करतो. फक्त त्याच्याकडे रोगी नसून कॉम्प्युटरांचे निरोप असतात, आणि डॉक्टरांऐवजी सर्व्हर असतात.

एकच काम करणाऱ्या सर्व्हरांच्या गटाला आमच्या भाषेत 'पूल' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे, अर्थ गट एवढाच. पण मी मराठी माणूस; मला तो ऐकला की नदीवरचा पूलच दिसतो. या काठावरचे माणूस त्या काठाला नेणारा. आणि खरे सांगायचे तर मूळ अर्थापेक्षा हाच अर्थ मला जास्त उपयोगी पडला आहे.

२०११ साली मी आजच्या नव्हे, दुसऱ्या एका कारखान्यात होतो. वय एकोणतीस. अंगात उत्साह मावत नव्हता, आणि उत्साही माणसाला आवराआवर फार आवडते. ऑगस्टमधल्या एका गुरुवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, मी लोड बॅलन्सर साफ करायला बसलो. आधीच्या लोकांनी त्यात वर्षानुवर्षे भर घातली होती. त्यात मला एक पूल आढळला. कोणत्याही दरवाज्याला तो जोडलेला नव्हता. त्यात एकच जुना सर्व्हर होता. यंत्र मार्च महिन्यात बंद करून पुन्हा सुरू केले होते. तेव्हापासून त्या पुलावरून किती निरोप गेले याचा आकडा समोर होता : शून्य.

मी तो पुसायची आज्ञा दिली. आता, हे यंत्र काही मूर्ख नसते. एखाद्या नियमात एखाद्या पुलाचे नाव सरळ लिहिलेले असेल, तर ते तुम्हांला अडवते. हा वापरात आहे, पुसता येणार नाही, असे स्वच्छ सांगते. मला त्याने अडवले नाही. पूल गेला. यंत्राने नाही म्हटले नाही, यालाच मी पुरावा समजलो, आणि पुढच्या रिकाम्या वस्तूकडे वळलो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन २६ ऑक्टोबरला, बुधवारी होते. मंगळवारी दुपारी पगार विभागाने कंत्राटी कामगारांच्या बोनसची यादी बँकेकडे पाठवायला घेतली. कायम कामगारांचा बोनस आधीच झाला होता. कंत्राटी मंडळींचा हिशेब वेगळा; त्यासाठी कुणी एके काळी लिहून ठेवलेला वेगळा प्रोग्रॅम होता, तो एका जुन्या सर्व्हरवर असे, आणि वर्षातून फक्त एकदा, दिवाळीच्या तोंडावर चालवला जाई.

यादी जाईना.

मला फोन आला तेव्हा तीन वाजले होते. पुढचे साडेचार तास मी काय केले ते आठवले की आजही कानशिले तापतात. मी वायर तपासली. जुन्या सर्व्हरवर संशय घेतला. बँकेला दोनदा फोन केला आणि त्यांच्या माणसाशी जरा चढ्या आवाजात बोललो. पगार विभागातल्या पन्नाशीच्या गृहस्थांना "तुमचाच पासवर्ड चुकला असेल," असेही सुनावले. सगळ्या जगावर संशय घेऊन झाला. फक्त स्वतःवर घेतला नाही. साडेसात वाजता लोड बॅलन्सरची नोंदवही वाचताना एक ओळ दिसली : नियमाने मागितलेला पूल अस्तित्वात नाही.

झाले होते ते असे. सगळे अंतर्गत निरोप एकाच दरवाज्याने येत. दारावर एक नियम लिहिलेला होता : निरोपाचा पहिला शब्द पाहा, तो शेजारच्या यादीत शोध, आणि यादीत त्याच्यासमोर ज्या पुलाचे नाव असेल तिकडे निरोप धाड. नियमात पुलाचे नाव नव्हतेच. ते यादीत होते. यंत्राला यादीतली अक्षरे दिसत होती, पण ती अक्षरे म्हणजे पुलाचे नाव आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून त्याने मला अडवले नाही. ते मला कळायला हवे होते. नियम सतरा ओळींचा होता. मी तो वाचला नव्हता.

दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पण तोवर बँकेची त्या दिवसाची शेवटची खेप निघून गेली होती. आज एनईएफटी चोवीस तास चालते. ते १६ डिसेंबर २०१९ पासून. त्या काळी कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळातच पैसे पुढे सरकत. बुधवारी लक्ष्मीपूजन, गुरुवारी पाडवा. दोन्ही दिवस बँका बंद. म्हणजे शुक्रवार.

रात्री आठ वाजता मी फाटकातून बाहेर पडलो. फाटकाशी पाच-पंचवीस माणसे सामानासह उभी होती. कुणी लातूरकडचे, कुणी नांदेडचे, कुणी बीडचे. वल्लभनगरच्या एसटी स्थानकावरून त्यांच्या गाड्या होत्या. हातात कंपनीने दिलेला मिठाईचा पुडा, आणि दर दोन मिनिटांनी खिशातून फोन काढून निरोप आला का ते पाहणे. त्यांतला एकजण मला ओळखत होता.

"पडला का हो साहेब बोनस?"

"शुक्रवारी पडेल."

त्याने बोटांवर मोजले. "शुक्रवारी म्हणजे भाऊबीज."

"हो."

"मग असू द्या," तो म्हणाला. म्हणाला तो माझी समजूत काढल्यासारखे. "पोरांचे कपडे मागनं घेता येतील. गाडी चुकायला नको." आणि पिशवी खांद्याला लावून तो चालू लागला.

त्याला वाटले, मी त्याच्यासारखाच, बातमी ऐकून आलेला कुणी एक. मीही ते तसेच वाटू दिले. दुसऱ्या दिवशी अहवालात मी लिहिले : 'तांत्रिक अडचणीमुळे विलंब.' तांत्रिक अडचण या शब्दाची मोठी सोय आहे. तिला कर्ता लागत नाही. पगार विभागातल्या त्या गृहस्थांची मी माफी मागितली. पण पूल मीच पुसला होता, एवढे वाक्य मी त्यांनाही सांगितले नाही.

तेव्हापासून मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केला आहे. आपली फसगत नेमकी कुठे होते?

एक म्हणजे, अवलंबून असण्याची नोंद एकाच बाजूला असते. दरवाज्याच्या पानावर लिहिलेले असते की मला अमुक पूल लागतो. पुलाच्या पानावर मात्र, मी कुणाकुणाला लागतो, हे लिहिलेले नसते. आपण पुसायला बसतो ते पुलाचे पान उघडून. तिथे शांतता असते, आणि शांतता म्हणजे निरुपयोग असे आपण धरून चालतो. घरात नाही का, म्हातारी आत्या कोपऱ्यात बसून असते. ती काय काय करत होती हे ती गावी गेल्यावर एकेका माणसाच्या तोंडून कळते.

दुसरे म्हणजे, आपण मोजतो ते आपल्या सोयीच्या मुदतीत. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. माघ महिन्यात एखाद्या हुशार माणसाने त्या आवारात मोजणी केली, तर एवढी मोकळी जागा कशाला ठेवली आहे असे तो विचारील. आणि त्याचा आकडा बरोबरही असेल! चूक आकड्यात नसते, पंचांगात असते.

"मग काय, सगळंच जपून ठेवायचं का?" असा प्रश्न आमच्या सौ.ने मला एकदा विचारला होता, आणि तो रास्त आहे. भीतीपोटी काहीच न पुसणे हाही शहाणपणा नव्हे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीची गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या प्रोग्रॅमचा एक भाग २००३ पासून वापरात नव्हता. पण तो कुणी काढून टाकला नाही. १ ऑगस्ट २०१२ रोजी नवा प्रोग्रॅम चालू करताना आठांपैकी एका सर्व्हरवर तो चढवायचा राहून गेला, आणि नव्या कामासाठी वापरलेल्या जुन्या खुणेने त्या सर्व्हरवरचा नऊ वर्षे निजलेला भाग जागा झाला. पाऊण तासात कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. तात्पर्य, न विचारता टाकणारा बुडतो आणि न विचारता ठेवणाराही बुडतो. गोम टाकण्यात किंवा ठेवण्यात नाही, विचारण्यात आहे.

यंदाच्या जुलैत आमच्या विभागात जळगावची एक मुलगी नव्याने लागली. हुशार, चटपटीत, एकोणतीस वर्षांचा मीच जणू, फक्त अधिक हुशार. पहिल्याच आठवड्यात ती एक यादी घेऊन आली.

"सर, अकरा पूल असे आहेत की त्यांवर ट्रॅफिक शून्य आहे. काढून टाकू?"

"थांब," मी म्हणालो. "आधी माग काढू."

"सर, पण शून्य आहे."

"केव्हापासून शून्य?"

तिने पाहिले. "फेब्रुवारीत रीस्टार्ट झाला, तेव्हापासून."

मग आम्ही तीन आठवडे माग काढला. पहिल्याने सगळ्या कॉन्फिगरेशनची एक प्रत सुरक्षित ठेवली. ते सगळे शेवटी साध्या मजकुराच्या रूपात असते. त्यात अकराही नावे एकेक करून शोधली. नुसते पूर्ण नाव नव्हे, नावाचा तुकडाही. कारण काही नियम दोन तुकडे जोडून नाव तयार करतात. प्रत्येक नियम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. नियम ज्या याद्यांकडे बोट दाखवतात त्या वाचल्या. सर्व्हर जिवंत आहे का हे डोकावून पाहणारी एकच तपासणी नऊ पुलांना सामाईक आहे, असे त्यात निघाले. एकासाठी तिची वेळ बदलली असती तर नऊ ठिकाणी बदलली असती. लोड बॅलन्सरच्या एका पत्त्यावरूनच बँक आम्हांला ओळखते, तो पत्ता आमच्या नव्हे, बँकेच्या यादीत लिहिलेला आहे, हेही कळले. ते आमच्या मजकुरात कितीही शोधून सापडले नसते. ते कळले लेखा विभागात जाऊन, चहा पिऊन.

कारण माग काही यंत्रातच संपत नाही. आम्ही भांडारात गेलो, वजनकाट्यावर गेलो, कँटीनमध्ये गेलो. "तुमचं असं कोणतं काम आहे, जे क्वचित चालतं?" एवढाच प्रश्न. लोक आधी हसत. मग आठवून आठवून सांगत.

अकरांपैकी सहा खरोखर मेलेले निघाले. दोन महिनाअखेरीस लागत. ते आधीच्या मजकुरातच पुन्हा उभारले गेले होते म्हणून त्यांचा जुना आकडा शून्यावर आला होता. एक होता राखीव. मुख्य सर्व्हर पडला तरच तो कामाला लागायचा. रिकामे बसणे हीच त्याची नोकरी! एक लागत असे वर्षातून एकदा, मालमोजणीला. आणि अकरावा? त्याचे नाव 'टेम्प-नवा-२'. तो कुणाचा हे कुणालाच सांगता आले नाही.

"सर, राग मानू नका," त्या दिवशी ती म्हणाली, "पण तुम्ही एवढे घाबरता का?"

मग मी तिला फाटकावरची ती रात्र सांगितली. प्रथमच, पुरती, कर्त्यासकट. ती ऐकत राहिली. काही बोलली नाही. उगाच समजूत घातली नाही हे तिचे उपकार.

दुसऱ्या दिवशी आमचा तक्ता तिने माझ्यापुढे ठेवला. मी आखलेले रकाने होते : दरवाजा, पूल, सर्व्हर, नियम, यादी, तपासणी. तिने शेवटी दोन रकाने वाढवले होते. एक : 'कधी लागतो?' आणि दुसरा : 'बंद पडला तर कोण खोळंबेल?' त्या रकान्यात यंत्राचे नाव चालणार नाही, माणसेच लिहायची, असे तिने वर बारीक अक्षरांत लिहून ठेवले होते. राखीव पुलासमोर लिहिले होते : रात्रपाळीचे ट्रकवाले. मालमोजणीच्या पुलासमोर : भांडारातली चार माणसे. इतकी वर्षे मी या बाणांचा पाठलाग करत होतो. पण बाण जिथे संपतात तिथे माणूस उभा असतो, त्याच्यासाठी रकाना ठेवावा, हे मला सुचले नव्हते. मला तर तो चांगला ठाऊक होता. त्याच्या खांद्याला पिशवी होती.

अकराव्या पुलाचे आम्ही काय केले? पुसला नाही. बंद केला. बंद केलेला पूल एका क्षणात उघडता येतो. कुलूप लावणे आणि भिंत पाडणे यांत हा फरक आहे. त्याच्या वर्णनात आमची नावे, तारीख, आणि 'एक पूर्ण वर्ष वाट पाहावी' अशी सूचना लिहिली. पुढल्या वर्षी याच सुमाराला कुणी ओरडले नाही, तर तो सुखाने जाईल.

ही हकीकत परवा माळ्याखाली उभ्या उभ्या सौ.लाही सांगून टाकली. चकलीच्या चकतीने तोंड उघडून दिले होते, ते मिटवणे कठीण गेले. ती स्टुलावरच बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "त्या पगारवाल्या गृहस्थांना अजून फोन करता येईल की."

त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण नंबर माझ्याकडे आहे. पाडव्याला करीन म्हणतो.

"आणि या किल्लीचं काय?" चिरंजीवांनी पोते पुढे करून विचारले.

मी काही म्हणायच्या आत सौ.ने ती त्याच्या हातातून घेतली, वाण्याच्या पिशवीच्या कागदाचा एक कपटा फाडला, त्यावर काही लिहिले, आणि दोऱ्याने किल्लीला बांधून ती पुन्हा माळ्यावर ठेवली. मी टाचा उंचावून वाचले. लिहिले होते : 'कशाची ते माहीत नाही. शेजारी, सासूबाई, दीर सगळ्यांना विचारणे. पुढल्या दिवाळीपर्यंत.'